आडवाटेवरील पिकअप वाहनांचे निलंबन तंत्र

वाहनाचा सांगाडा व त्याची चाके यांना जोडणाऱ्या, रस्त्याचे हादरे सामावून घेणाऱ्या आणि चाके जमिनीला टेकलेली ठेवणाऱ्या भागांच्या समूहास निलंबन तंत्र म्हणतात. कार्यशाळांतून ‘सस्पेन्शन’ हाच शब्द रूढ आहे. स्प्रिंगा, धक्काशोषक, चाकांना धरून ठेवणाऱ्या भुजा, त्यांचे सांधे, रबरी बुश आणि या सर्वांना सांगाड्याशी बांधणारे बोल्ट व कंस यांचा त्यात समावेश होतो. डांबरी रस्त्यावरील मोटारगाडीत या भागांकडून मुख्यतः आरामाची अपेक्षा असते. खडकाळ, वालुकामय किंवा चिखलाच्या वाटेने माल वाहून नेणाऱ्या पिकअप वाहनात मात्र प्रथम बळकटीचा व नंतर आरामाचा विचार करावा लागतो.

पिकअपची अडचण दुहेरी आहे. पुढील भागात एंजिन व चालक असल्यामुळे पुढच्या चाकांवरील भार फारसा बदलत नाही, परंतु मागील उघडा हौदा कधी रिकामा तर कधी एक टन मालाने भरलेला असतो. त्यामुळे मागील स्प्रिंगांवरील भार दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. पूर्ण भारासाठी ताठ केलेली स्प्रिंग रिकाम्या गाडीत जवळजवळ दबतच नाही आणि प्रत्येक खड्ड्याचा धक्का सरळ सांगाड्यास पोहोचतो. रिकाम्या गाडीसाठी मऊ केलेली स्प्रिंग भरलेल्या गाडीत शेवटपर्यंत दबून तिच्या भागांची ठोकाठोक होते. या दोन टोकांमधील तडजोड म्हणजेच पिकअपच्या निलंबनाचा अभिकल्प होय.

इतिहास : दुसऱ्या महायुद्धातील विलीस जीपमध्ये पुढे व मागे अखंड आस आणि पाट्यांच्या कमानी होत्या. घोडागाडीपासून चालत आलेली ही रचना साधी, स्वस्त व सहज दुरुस्त होणारी असल्याने युद्धोत्तर काळातील बहुतेक चार-चाकी चालनाच्या वाहनांनी ती स्वीकारली. मुंबईत महिंद्र कंपनीने १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जीपची जुळणी सुरू केली व ही रचना भारतीय कारागिरांच्या हातांत पडली. अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९६५ मध्ये आपल्या पिकअप वाहनांच्या पुढील चाकांसाठी दोन स्वतंत्र आडव्या तुळयांची रचना आणली. जपानमध्ये १९६८ साली टोयोटा हायलक्स बाजारात आली व १९७९ मध्ये तिला चार-चाकी चालन मिळाले. त्या आवृत्तीत पुढील आस अखंड होती. १९८० नंतरच्या दशकात तीत पुढील चाकांसाठी स्वतंत्र निलंबन येऊ लागले. ऑस्ट्रेलियातील खाणी, आफ्रिकेतील मदतकार्य अशा ठिकाणी प्रचलित असलेल्या टोयोटा लँड क्रूझरच्या ७९ मालिकेत (१९९९ पासून) पुढे अखंड आसावर मळसूत्री स्प्रिंगा व मागे पाट्यांच्या कमानी असा मिलाफ आहे. मागील कमानी काढून टाकण्याचे प्रयत्नही झाले. राम १५०० या अमेरिकी पिकअपला २००९ च्या प्रतिमानापासून मागे मळसूत्री स्प्रिंगा देण्यात आल्या. तरीही जड माल वाहणाऱ्या पिकअपमध्ये पाट्यांची कमान टिकून आहे. ती स्प्रिंगचे काम तर करतेच, शिवाय आसाला पुढे-मागे व बाजूंना धरून ठेवण्याचे भुजांचे कामही तीच करते.

भारांचे स्वरूप : निलंबनाच्या भागांवर येणारे भार तीन प्रकारचे असतात. पहिला वाहनाच्या वजनाचा स्थिर भार. दुसरा खड्डा, दगड किंवा उडी यांमुळे क्वचित येणारा आघाती भार. अभिकल्पात हा भार स्थिर भाराच्या सुमारे तिप्पट धरण्याचा जुना रिवाज आहे. तिसरा भार लहान, पण अखंड पुनरावृत्त होणारा असतो. सामान्य चालकाला दुसऱ्या प्रकाराची भीती वाटते. प्रत्यक्षात तुटलेल्या भागांपैकी पुष्कळांचा घात तिसऱ्याने केलेला आढळतो.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे कच्च्या रस्त्यावर वाहतुकीमुळे आपोआप उमटणाऱ्या आडव्या लाटा. मध्य ऑस्ट्रेलियातील लांबलचक मातीच्या रस्त्यांवर त्या विशेष त्रासदायक असतात. दोन लाटांमधील अंतर पाऊण मीटर धरल्यास ताशी ४० किमी. वेगाने जाणाऱ्या चाकाला दर सेकंदाला सुमारे १५ धक्के बसतात. आस व चाके यांची स्वाभाविक कंप्रताही साधारणपणे १० ते १५ च्या आसपास असल्याने येथे अनुस्पंदन होऊन चाके अक्षरशः नाचू लागतात. १०० किमी. प्रवासात असे धक्के सव्वा लाखाहून अधिक भरतात. एकाही धक्क्याने कोणताही भाग तुटण्याचे कारण नसते, पण आठवड्याभराच्या प्रवासात धक्काशोषकाचा कंस मुळापासून निखळू शकतो.

असा भंग ज्या क्रियेने होतो तिला धातूचा शिणवटा म्हणतात. रेल्वेच्या आसांचे भंग अभ्यासताना जर्मन अभियंते आउगुस्ट व्होलर यांनी १८५० ते १८७० या काळात पद्धतशीर प्रयोग करून दाखविले, की वारंवार उलटसुलट होणारे प्रतिबल (एकक क्षेत्रफळावरील अंतर्गत प्रेरणा) धातूच्या बळापेक्षा पुष्कळ कमी असले तरी पुरेशा आवर्तनांनंतर त्याचा भंग होतो. पोलादाच्या बाबतीत प्रतिबल एका मर्यादेखाली ठेवल्यास त्यास जवळजवळ अमर्याद आयुष्य लाभते. मर्यादेच्या वर मात्र आयुष्य झपाट्याने घटते. प्रतिबल व आयुष्य यांच्या संबंधातील घातांक ७ धरल्यास प्रतिबलात केवळ दहा टक्के वाढ झाली तरी आयुष्य निम्मे होते. शिवाय ही मर्यादा कोरड्या, गुळगुळीत नमुन्यासाठी असते. ओरखडा, भोक, तीक्ष्ण कोपरा किंवा वेल्डची कड येथे प्रतिबल एकवटते व तडा तेथूनच सुरू होतो. खाऱ्या पाण्यात गंजणाऱ्या पोलादाला तर अशी सुरक्षित मर्यादाच उरत नाही.

पाट्यांची कमान : निरनिराळ्या लांबीचे वक्र पाटे एकावर एक रचून, मधोमध बोल्टने आवळून ही कमान तयार करतात. सर्वांत लांब मुख्य पाट्याच्या दोन्ही टोकांना वळवून डोळे केलेले असतात. एक डोळा सांगाड्याला पक्का व दुसरा हलत्या कडीने, म्हणजे शॅकलने, जोडतात. कमान दबली की तिची लांबी वाढते, ती वाढ शॅकलमुळे सामावली जाते. मध्यभागी दोन यू-बोल्टांनी कमान आसाला बांधलेली असते.

यासाठी ०·५ ते ०·६ टक्के कार्बन असलेले सिलिकॉन-मँगॅनीज किंवा क्रोमियमयुक्त पोलाद वापरतात. पाटे सुमारे ८५०° से. पर्यंत तापवून तेलात बुडविले जातात व नंतर सुमारे ४५०° से. ला पुन्हा तापवून त्यांचा ठिसूळपणा घालविला जातो. (याच पोलादामुळे भंगारातील पाट्यांना लोहारांकडे मागणी असते. आपल्याकडील कित्येक कोयते व विळे पूर्वजन्मी कोण्या ट्रकचे पाटे असतात.) भार आल्यावर पाट्याच्या वरच्या, अंतर्वक्र पृष्ठावर ताण पडतो. त्या पृष्ठावर पोलादी छऱ्यांचा मारा केल्याने वरच्या थरात कायमचा दाब निर्माण होतो आणि तडा उघडण्यापूर्वी बाहेरच्या ताणाला हा दाब आधी संपवावा लागतो. या स्वस्त प्रक्रियेने आयुष्य अनेक पटींनी वाढते.

‘पाटा जितका जाड तितका मजबूत’ ही समजूत सर्वत्र आढळते. ती अर्धीच खरी आहे आणि आडवाटेवर उरलेला अर्धा भागच महत्त्वाचा ठरतो. समजा, कमानीची लांबी १,२०० मिमी., पाट्यांची रुंदी ६० मिमी., जाडी ७ मिमी. व संख्या पाच आहे. नेहमीच्या सूत्रानुसार मध्यभागी ५,००० न्यूटन (सुमारे ५१० किग्रॅ. वजन) भार दिल्यास ती सुमारे १५ सेंमी. दबते आणि प्रतिबल सुमारे ६१० न्यूटन प्रती चौ. मिमी. होते. सपाट रस्त्यावर भार हाच दिलेला असतो. पाटे ८ मिमी. जाडीचे केल्यास त्याच भाराखाली प्रतिबल २३ टक्क्यांनी उतरते. येथपर्यंत समजूत बरोबर आहे. खडकाळ वाटेवर मात्र भाराऐवजी स्थानांतर दिलेले असते. एक चाक दगडावर चढले व दुसरे खड्ड्यात उतरले म्हणजे कमानीने किती वाकावे हे जमीन ठरविते. अशा वेळी प्रतिबल पाट्याच्या जाडीच्या सम प्रमाणात व लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. कमान २० सेंमी. दबली तर ७ मिमी. पाट्यात प्रतिबल सुमारे ८०० न्यूटन प्रती चौ. मिमी. होते, तर ९ मिमी. पाट्यात ते १,०३० वर जाते. म्हणजे जाड पाटाच आधी शिणतो. यामुळे आडवाटेसाठी लांब व पातळ पाट्यांच्या कमानी श्रेयस्कर ठरतात. भारासाठी हव्या त्या ताठरपणाची भरपाई पाट्यांची संख्या वाढवून करतात. टोकाकडे निमुळते होत जाणारे पाटे वापरल्यास प्रतिबल सर्व लांबीभर सारखे वाटले जाऊन थोड्या पाट्यांत काम भागते.

पाटे बहुधा दोन ठिकाणी तुटतात : डोळ्याजवळ आणि मधल्या बोल्टच्या भोकापाशी. भोकामुळे पाटा कमजोर झालेला असतो, परंतु यू-बोल्ट घट्ट असेपर्यंत तेवढा भाग आसावर आवळलेला राहून वाकत नाही व भोकावर ताण येत नाही. यू-बोल्ट सैल झाले की वाकण्याची क्रिया थेट भोकापर्यंत पोहोचते. भोकापाशी तुटलेला पाटा कारागिराने दाखविल्यास पोलादाला दोष देण्यापूर्वी यू-बोल्टची चौकशी करावी. नवे पाटे बसविल्यानंतर काही शेकडा किलोमीटरांनी ते पुन्हा आवळणे आवश्यक असते. ही सूचना पुस्तिकांत छापलेली असते आणि क्वचितच पाळली जाते.

मुख्य पाटा डोळ्याजवळ तुटल्यास आस जागेवरून सरकते, गाडी एका बाजूला ओढली जाते व वेगात असल्यास उलटते. म्हणून चांगल्या कमानीत दुसऱ्या पाट्याचे टोकही पहिल्याच्या डोळ्याभोवती सैल गुंडाळलेले असते. पहिला तुटला तरी दुसरा आसाला धरून ठेवतो. भंग टाळता आला नाही तर त्याचा परिणाम तरी आटोक्यात ठेवावा, असे या रचनेचे तत्त्व आहे. तुटका पाटा इतर भागांनाही इजा करतो. २०१४ मध्ये टोयोटा कंपनीने अमेरिकेत २००५ ते २०११ या प्रतिमानांची सुमारे ६,९०,००० टाकोमा पिकअप वाहने परत बोलावली. त्यांच्या मागील कमानींचे पाटे प्रतिबल व गंज यांच्या संयुक्त परिणामाने तुटून पेट्रोलच्या टाकीसारख्या शेजारच्या भागांना भिडण्याचा धोका होता. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरणाऱ्या प्रदेशांत गंजाचा हा प्रश्न तीव्र असतो. कोकणासारख्या दमट व खाऱ्या हवेच्या किनारपट्टीवरही त्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

भुजा व गोलसंधी : स्वतंत्र निलंबनात प्रत्येक पुढचे चाक वरखाली दोन भुजांनी धरलेले असते. भुजा व चाकाचा आधार यांच्यामध्ये गोलसंधी असतात. कारागीर त्यांना ‘बॉल जॉइंट’ म्हणतात. भुजा पत्रा दाबून व वेल्ड करून, पोलाद घडवून अथवा ॲल्युमिनियम मिश्रधातूपासून करतात. घडाईच्या पोलादात धातूचे तंतू भागाच्या आकाराला अनुसरून वळतात, म्हणून ते ओतीव भागापेक्षा चिवट असते. आघाताने पोलादी भुजा सहसा तुटत नाही, वाकते. वाकलेल्या भुजेने चाकाचा कल बदलतो, टायर एका कडेने झिजू लागतो, सुकाणू ओढ घेते. चालकाला सूचना मिळते व तो थांबू शकतो. जो भाग वाकून सांगतो तो, न सांगता तुटणाऱ्या अधिक बळकट भागापेक्षा बरा. कठिनता वाढवून बळ मिळविण्याच्या नादात हा सांगण्याचा गुण अनेकदा गमावला जातो.

गोलसंधी अशी सूचना फार थोडी देते. तिच्या रचनेत एक बारकावा आहे. वाहनाचे वजन ज्या संधीतून जाते तीत गोळा आपल्या वाटीत दाबला जाईल अशी मांडणी असल्यास झिजलेली संधीही जागेवर राहते. गोळा वाटीतून बाहेर ओढला जाईल अशी मांडणी असल्यास झीज एका हद्दीपलीकडे जाताच तो निसटतो व चाक गाडीखाली दुमडते. टाकोमाच्या पहिल्या पिढीत (१९९५–२००४) खालची संधी या दुसऱ्या प्रकारची होती. खालच्या गोलसंधींतील दोषासाठी २००५ मध्ये याच कंपनीने अमेरिकेतील आपली काही पिकअप व तत्सम वाहने परत बोलावली होती. अशा संधीवरील रबरी टोपण फाटले, की चिखल व वाळू आत जाऊन वंगणाचे रूपांतर घासकाम करणाऱ्या लुकणात होते. पाच मिनिटांत तपासता येणाऱ्या या टोपणावर पुष्कळ काही अवलंबून असते.

फेरफारांचे परिणाम : आडवाटेसाठी गाडी उंच करण्याची व मोठे टायर लावण्याची प्रथा अमेरिका, ऑस्ट्रेलिया, थायलंड इ. देशांत मोठी आहे व भारतातही ती वाढत आहे. मूळ ३१ इंच व्यासाच्या टायरऐवजी ३५ इंची टायर लावल्यास जमिनीवरील आडव्या प्रेरणेची तरफ सुमारे १३ टक्क्यांनी लांबते. टायरचे वजनही वाढते व प्रत्येक धक्क्यातील आघात त्या मानाने मोठा होतो. चाक बाहेर सरकविणाऱ्या चकत्यांमुळे धारव्यावरील नमन वाढते. आस व कमान यांमध्ये ठोकळे घालून मागील बाजू उचलल्यास चालनाच्या पिळाने कमान इंग्रजी ‘एस’सारखी वेडीवाकडी होते. पुढील स्वतंत्र निलंबन फार उंच केल्यास भुजा व चालक दांडे कायम तिरके राहून सांधे लवकर झिजतात.

याहून सूक्ष्म परिणाम बळकटीच्या क्रमाचा आहे. निलंबनाचे भाग साखळीच्या कड्यांप्रमाणे एकामागून एक भार वाहतात. मूळ अभिकल्पात कोणती कडी आधी हार मानील हे बहुधा ठरविलेले असते. ती स्वस्त, बदलण्यास सोपी व वाकून सूचना देणारी असावी असा कटाक्ष असतो. वारंवार वाकणाऱ्या दांड्याऐवजी दुप्पट जाडीचा दांडा बसविणाऱ्याला बळकटी मिळाल्यासारखे वाटते. पुढील आघातात दांडा शाबूत राहतो, तर सुकाणू पेटीचे आवरण किंवा सांगाड्यावरील कंस फाटतो. म्हणून एखादा भाग बळकट करण्यापूर्वी त्याच्यानंतर कोणता भाग हार मानील हा प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर सांगाडा किंवा सुकाणू असे असल्यास मूळचा दुर्बळ भाग तसाच ठेवून सुटा भाग बरोबर बाळगणे शहाणपणाचे.

धक्काशोषक व आघात-रोधक : धक्काशोषक हा भार वाहत नाही. तो स्प्रिंगच्या दोलनातील ऊर्जा तेलाच्या घर्षणाने उष्णतेत रूपांतरित करतो. लाटांच्या रस्त्यावर ही उष्णता इतकी वाढते, की तेल पातळ होऊन व त्यात फेस येऊन त्याची रोधशक्ती घटते. मग सर्व धक्के स्प्रिंगा व कंसांवर येतात. अशा रस्त्यावर अधूनमधून थांबून धक्काशोषक थंड होऊ देणे हा अनुभवी चालकांचा उपाय शास्त्रशुद्ध आहे. सांगाड्याखालील रबरी आघात-रोधक हा त्याहूनही उपेक्षित भाग. तो फाटून गळून पडल्यास शेवटच्या काही सेंटीमीटरांतील ऊर्जा पोलादावर पोलाद आपटून खर्च होते व एरवी तिप्पट राहणारा आघात कितीतरी वाढतो.

दुरुस्ती व चाचणी : तुटलेला पाटा वेल्डने जोडणे सर्वस्वी निषिद्ध आहे. वेल्डच्या उष्णतेने शेजारचे पोलाद एका पट्ट्यात काचेसारखे ठिसूळ व त्यालगत मऊ होते. असा पाटा रिकाम्या गाडीत काही दिवस टिकतो आणि पूर्ण भारात घाट उतरताना तुटतो. गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानांतून ही दुरुस्ती आजही सर्रास होते. भारतात पिकअप वाहने मान्य भारापेक्षा पुष्कळ अधिक माल वाहतात, हे ध्यानात घेता तिचे गांभीर्य वाढते. भारातील दहा टक्के वाढीने आयुष्य किती घटते हे वर दिलेच आहे.

नव्या अभिकल्पांची चाचणी दोन प्रकारे होते. प्रयोगशाळेत द्रवचालित यंत्रे कमानीला किंवा भुजेला लक्षावधी वेळा वाकवून तिचे आयुष्य मोजतात. धावपट्टीवर दगडी फरसबंदी, लाटा, खड्डे व पिळाच्या चढउतारांवरून पूर्ण वाहन चालविले जाते. तेथील काही हजार किलोमीटर सामान्य रस्त्यावरील अनेक पट अंतराच्या बरोबरीचे मानले जातात. महाराष्ट्रात पुण्याची भारतीय स्वयंचल संशोधन संस्था (एआरएआय, स्थापना १९६६) व अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था येथे अशा चाचण्यांची सोय आहे. पुण्याच्या मुंढवा येथील भारत फोर्जमध्ये (स्थापना १९६१) वाहनांचे आस व अन्य भाग घडविले जातात. पाट्यांच्या कमानींचे मोठे उत्पादन हरियाणातील यमुनानगर येथे होते.